सगळे खुशाल, मी सोडून

नमस्कार. विषय कळवायला फोन केला तेव्हा मी म्हटलं, "एल्सी इंग्लिस." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "मॅडम, नाव जरा परत सांगता का? पत्रिका छापायला टाकायचीय." सांगितलं, अक्षर अक्षर फोडून सांगितलं. तरी 'एल्सी इंग्लिश' छापून आलंच, पत्रिका तुमच्या हातात आहे. तिकडे स्कॉटलंडमध्ये या आडनावाचा उच्चार 'इंगल्स' असा काहीसा करतात. पण स्कॉटिश बाईला इंग्लिश म्हटलेलं तिकडे कुणालाच खपणार नाही, तेव्हा आज आपण तिला नुसतं एल्सी म्हणू. आणि मी एकेरीत बोलणार आहे. आईला आणि देवीला आपण एकेरीतच हाक मारतो, आणि गेली काही वर्षं या बाईबरोबर माझी रोजची उठबस आहे.

मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. भाषणापेक्षा पेशंटच्या सासूला समजावून सांगायची सवय जास्त. बोलणं त्या वळणावर गेलं तर सांभाळून घ्या.

एल्सीबद्दल कुठेही वाचायला घ्या, सुरुवात एका वाक्याने होते. १९१४ साल, महायुद्ध नुकतंच पेटलेलं. पन्नाशीची एक डॉक्टर बाई लष्करी अधिकाऱ्याकडे जाऊन सांगते, आम्ही मदतीला तयार आहोत. तो म्हणतो, "बाईसाहेब, घरी जा आणि स्वस्थ बसा." वाक्य झकास आहे, टाळी हमखास मिळते. पण तिथून सुरुवात केली की गोष्ट चुकते असं मला वाटतं. मग ती अपमानाने पेटून उठलेल्या वीरांगनेची गोष्ट होते. नुसतं पेटून उठून हॉस्पिटल उभं राहत असतं तर आपल्या तालुक्याच्या गावात एव्हाना दहा झाली असती. हॉस्पिटल उभं राहतं ते वर्गणीवर, पावतीपुस्तकावर, इतिवृत्तावर, आणि न आलेल्या सभासदाला पुन्हा एकदा पत्र टाकणाऱ्या माणसावर. त्या वाक्याआधी कितीतरी वर्षं एल्सी स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या संस्थेची सेक्रेटरी होती. मला त्या सेक्रेटरीची गोष्ट सांगायची आहे.

तिचा जन्म आपल्याकडचा, १६ ऑगस्ट १८६४, नैनीताल. वडील जॉन इंग्लिस सरकारी नोकरीत, पुढे अवधचे चीफ कमिशनर झाले. म्हणजे बंगला, नोकरचाकर, सगळा साहेबी थाट. राज्य करणाऱ्यांच्या घरातली मुलगी होती ती, यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण वडिलांचं एक मानलं पाहिजे. मुलींनी शिकावं असं ते नुसतं म्हणत नव्हते, स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्यांनी ते करून दाखवलं. बापलेकीचं सूतही विलक्षण जमलेलं.

लहानपणची एक आठवण घरच्यांनी सांगितलेली आहे. एल्सीकडे चाळीस बाहुल्या होत्या. एके दिवशी तिने सगळ्यांच्या अंगावर रंगाने ठिपके काढले. सगळ्यांना गोवर! आणि मग एकेकीवर उपचार सुरू. आता माझ्यासारखीला इथे थांबावंसं वाटतं. एका बाहुलीला ताप आणून भागलं असतं, कुठल्याही मुलीचं भागतं. हिने साथच आणली. चाळीस पेशंट, एक डॉक्टर, सगळ्यांची सोय लावायची. पुढे सर्बियात अगदी हेच वाढून ठेवलेलं होतं.

१८७६ मध्ये वडील निवृत्त झाले. थोरली भावंडं टास्मानियात होती, तिकडे दोनेक वर्षं काढून १८७८ मध्ये कुटुंब एडिनबऱ्याला आलं. एल्सी शाळेत जाऊ लागली ती शार्लट स्क्वेअर नावाच्या चौकात. एडिनबऱ्याच्या नव्या शहरातला हा श्रीमंत चौक. मधोमध बाग, बागेला कुंपण, आणि किल्ली फक्त चौकातल्या घरमालकांकडे. शाळेतल्या मुलींनी खिडकीतून हिरवळ बघायची, खेळायचं मात्र नाही. एल्सी आणि तिची एक मैत्रीण शाळेच्या संचालकांकडे गेल्या. संचालक म्हणाले, आमची हरकत नाही, पण चौकातल्या प्रत्येक रहिवाशाची संमती आणा. असं सांगितलं की पोरी गप्प बसतील, हा त्यातला हिशोब आपल्याला कळतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच चालतं. या दोघी घरोघर गेल्या. बेल वाजवायची, बटलरला सांगायचं, दिवाणखान्यात बसायचं, म्हणणं मांडायचं, होकार घ्यायचा, पुढचं घर. बाग उघडली.

मला विचाराल तर एल्सीच्या मताधिकाराच्या चळवळीचा पहिला दिवस तो.

आता वैद्यकीकडे वळते, पण तिच्या आधीच्या पिढीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण त्यातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८६९ मध्ये एडिनबरा विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणी, मिळून सात जणी, वैद्यकीच्या वर्गात दाखल झाल्या. १८ नोव्हेंबर १८७० ला त्या शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तर सर्जन्स हॉलच्या दारात पोरांचा जमाव. चिखल फेकला, शिव्या दिल्या, फाटक लावून घेतलं. शेवटी विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. त्या सातांतली एक एडिथ पीची. रसायनशास्त्रात पहिल्यांदा बसणाऱ्यांत ती पहिली आली, पण शिष्यवृत्ती तिच्या मागच्या नंबरच्या मुलाला मिळाली. हीच एडिथ पीची १८८३ मध्ये मुंबईत आली आणि कामा हॉस्पिटलची धुरा तिने सांभाळली. आपल्या रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत ती होती. रखमाबाई लंडनला शिकल्या, पण परवान्यासाठी परीक्षा दिली ती स्कॉटलंडच्या वैद्यक महाविद्यालयांची. एल्सीने १८९२ मध्ये दिली तीच परीक्षा, रखमाबाईंनी दोन वर्षांनी दिली. दोघी भेटल्या का वगैरे कल्पनाचित्रं मी रंगवणार नाही. एकाच दारातून दोघींना आत जावं लागलं, कारण बाकीची दारं बंद होती.

तर जेक्स-ब्लेकबाईंनी १८८६ मध्ये एडिनबऱ्यात मुलींसाठी स्वतःचं वैद्यक विद्यालय काढलं. एल्सी तिथल्या पहिल्या काही विद्यार्थिनींतली. आणि इथे एक भांडण झालं. चळवळीच्या इतिहासात अशी भांडणं आपण हळूच गाळतो, पण मला ती फार आवडतात. जेक्स-ब्लेकबाई कमालीच्या कडक. सगळं जग चुका शोधायला टपलंय, तेव्हा माझ्या मुलींकडून चूक होताच कामा नये, हा त्यांचा बाणा. ग्रेस आणि आयना कॅडेल या दोघी बहिणी लीथच्या हॉस्पिटलात पेशंटपाशी नियमापेक्षा जास्त वेळ थांबल्या. बाईंनी त्यांना काढून टाकलं. बहिणी कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. एल्सी त्यांच्या बाजूची. पण ती नुसती बाजू घेऊन थांबली नाही. वडिलांना बरोबर घेतलं, त्यांच्या ओळखीची वजनदार माणसं गोळा केली आणि १८८९ मध्ये चक्क दुसरं विद्यालय काढलं. पंचविशीची विद्यार्थिनी स्वतःला शिकवायला कॉलेज काढते! त्यात सर विल्यम म्युर होते, तेही हिंदुस्थानात अधिकारी होते आणि तेव्हा एडिनबरा विद्यापीठाचे प्रमुख. त्या ग्रेस कॅडेलला लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

पास झाल्यावर एल्सी लंडनला गेली, एलिझाबेथ गॅरेट अँडरसनच्या बायकांच्या हॉस्पिटलात. तिथून ती वडिलांना पत्रं लिहायची. एका पत्रात तिने जे लिहिलंय त्याचा भावार्थ असा: मला मत मिळालं ना, की मी पहिलं मत देणार ते रात्री अकरा वाजता बायकापोरांना घराबाहेर काढणाऱ्या नवऱ्यांना चाबकाने फोडून काढावं या बाजूने, आणि बायको आजारी असेल तर नक्कीच. आणि कुणी म्हणाला, मी प्यायलो होतो, तर दुप्पट. बघता बघता वागायला शिकतील.

ही मताधिकाराची तात्त्विक मांडणी नव्हे. ही ओपीडीतून उठून लिहिलेली चिठ्ठी आहे. त्या रात्री कोणीतरी बाई तिच्यासमोर थंडीत कुडकुडत आलेली असणार, त्याशिवाय अकरा वाजता ही वेळ पत्रात येत नाही. मताचा आणि बाईच्या अंगावरच्या वळांचा संबंध तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. मलाही लागला नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. कायदा स्पष्ट आहे. पण मी जिथे जिथे नोकरी केली तिथे कारकून फॉर्म पुढे सरकवताना विचारायचा, "मिस्टर आलेत का?" मीही सुरुवातीची वर्षं काही बोलले नाही, हे आज इथे कबूल करते.

१८९४ मध्ये वडील गेले. एल्सी एडिनबऱ्याला परतली, जेसी मॅकग्रेगर या मैत्रिणीबरोबर दवाखाना थाटला. विद्यापीठ एव्हाना मुलींना पदव्या देऊ लागलं होतं, तेव्हा १८९९ मध्ये दवाखाना चालवता चालवता तीही घेऊन टाकली. १९०४ मध्ये तिचं छोटं हॉस्पिटल हाय स्ट्रीटवर, २१९ नंबरला आलं. नाव 'द हॉस्पिस'. डॉक्टरपासून सगळ्या बायका. हा रस्ता आज पर्यटक बॅगपाइप ऐकत चालतात तो. तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना अंधारे बोळ, आठ-आठ मजली जुनाट चाळी, एका खोलीत सगळं कुटुंब, पाणी खालून भरायचं. बाळंतिणी तिथल्या.

आणि दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी सभा. एडिनबऱ्याची मताधिकार संस्था १८६७ ची, ब्रिटनमधल्या पहिल्या काहींतली. एल्सी तिची मानद सेक्रेटरी होती. १९०९ मध्ये स्कॉटलंडभरच्या संस्थांचं फेडरेशन झालं, त्याचीही सेक्रेटरी तीच. 'मानद'चा अर्थ तुम्हाला माहीत आहे: पगार नाही, काम सगळं. शेटलंड बेटांपासून इंग्लंडच्या सीमेपर्यंत शाखा. वक्ता पाठवा, हॉल मिळवा, खुर्च्यांचं भाडं द्या, विरोधक खासदाराला शिष्टमंडळ न्या, तो भेटला नाही तर परत न्या. ती मवाळांतली. घटनात्मक मार्गाने, अर्ज-विनंत्या, सभा, मोर्चे. दगड नाही, आग नाही.

जहाल बायकाही स्कॉटलंडात कमी नव्हत्या. १९१४ च्या फेब्रुवारीत एडिनबऱ्याच्या काल्टन तुरुंगात एथेल मूरहेड या चित्रकार बाईने अन्नत्याग केला, तेव्हा तिला नळीने बळजबरीने अन्न घातलं. स्कॉटलंडमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. नळी नाकातून किंवा तोंडातून पोटापर्यंत, चार जणांनी हातपाय धरलेले. चुकून ती श्वासनलिकेत गेली तर काय होतं हे या सभागृहातल्या डॉक्टरांना सांगायला नको. बाई न्यूमोनियाने अत्यवस्थ झाली, तेव्हा सुटका करून एका डॉक्टरच्या स्वाधीन केली. डॉक्टरचं नाव ग्रेस कॅडेल! पेशंटपाशी जास्त थांबते म्हणून कॉलेजातून काढलेली. ग्रेसचं घर म्हणजे तुरुंगातून सुटलेल्या उपोषणकर्त्या बायकांचा आसरा. मत नाही तर करही नाही, म्हणून १९१२ मध्ये तिने कर भरला नाही. सरकारने तिचं फर्निचर जप्त करून शहराच्या मर्कॅट क्रॉसपाशी लिलावाला काढलं, तर बायकांनी त्या लिलावाचीच मताधिकाराची सभा करून टाकली. टिळक-गोखल्यांच्या गावात मी मवाळ-जहाल जास्त समजावून सांगत नाही. पण तिथल्या या दोघी एकाच बाकावरच्या, आणि दोघी डॉक्टर.

अर्ज-विनंत्यांनी काय मिळालं? १९०८ ची गोष्ट घ्या. विद्यापीठाच्या पदवीधरांना पार्लमेंटसाठी वेगळं मत होतं. कायद्यात शब्द होता 'व्यक्ती'. एडिनबऱ्याच्या पाच पदवीधर स्त्रिया म्हणाल्या, आम्ही पदवीधर आहोत आणि व्यक्तीही आहोत, मतपत्रिका पाठवा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. क्रिस्टल मॅकमिलन आणि फ्रान्सेस सिम्सन यांनी वकील न देता स्वतः युक्तिवाद केला. निकाल: इथे 'व्यक्ती'मध्ये स्त्री येत नाही. माझी नात हे ऐकून म्हणाली, "मग कशात येते?" मला उत्तर सुचलं नाही.

तर आता १९१४. आता ते वाक्य ऐका. "घरी जा आणि स्वस्थ बसा."

एल्सी घरी गेली नाही, पण चिडून भाषण करायलाही गेली नाही. ती कार्यकारिणीच्या सभेला गेली. १२ ऑगस्ट १९१४, युद्ध पुकारून आठवडा झालेला. फेडरेशनपुढे तिने प्रस्ताव ठेवला: बायकांनी चालवलेली हॉस्पिटलं आपण उभारू आणि जो घेईल त्या मित्रराष्ट्राला देऊ. खिशातले १०० पौंड टेबलावर ठेवले. आणि इथून पुढे बघा, नवं काहीच करावं लागलं नाही. शाखा होत्याच, शेटलंडपासून. वर्गणी गोळा करणाऱ्या होत्या. हॉल कुठे स्वस्त मिळतो हे माहीत होतं. कोणत्या गावात कोणाच्या बायकोचं वजन आहे हे वहीत होतं. मतं मागायला उभी केलेली यंत्रणा एका रात्रीत खाटा मागायला लागली.

नावाचा प्रश्न आला. 'मताधिकार हॉस्पिटल' म्हटलं तर विरोधक पैसे देणार नाहीत. एल्सी म्हणाली, नाव 'स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स' ठेवा, मताधिकाराचं नाव पत्राच्या मथळ्यावर असू द्या. याला काही जण तडजोड म्हणतील, मी हुशारी म्हणते. देशभरच्या मवाळ चळवळीच्या अध्यक्षा मिलिसेंट फॉसेट यांना तिने ऑक्टोबरात लिहिलं की स्त्रिया कुठलंही काम डोक्याने करू शकतात हे पुरुषांना पटवायला याहून चांगलं काही मला दिसत नाही. आपलं बहुतेक काम त्यांना दिसत नाही अशा जागी होतं, हे मात्र त्यांना सगळं दिसेल.

दिसत नाही अशा जागी. बाळंतपणाच्या खोलीत वर्षं काढलेल्या बाईचं वाक्य आहे हे.

हे सगळ्यांना पटलं असं समजू नका. क्रिस्टल मॅकमिलन, लॉर्ड्सपुढे उभी राहिलेली, तिने उलटी वाट धरली. १९१५ मध्ये हेगला स्त्रियांची शांतता परिषद भरली, ती भरवणाऱ्यांत ती होती. युद्ध चालवायला हातभार लावायचा की थांबवायला? त्यावरून संघटना दुभंगली. कोण बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. जखमी समोर आला तर मी हातमोजे घालणार, पण क्रिस्टलचं चूक होतं असंही म्हणवत नाही.

एल्सीने देऊ केलेली मदत फ्रेंचांनी घेतली. पॅरिसच्या उत्तरेला रॉयोमाँ नावाचा तेराव्या शतकातला मठ. वीज नाही, पाणी बादल्यांनी जिन्यावरून न्यायचं. डिसेंबरच्या थंडीत बायकांनी तो घासूनपुसून तयार केला. नाताळच्या तोंडावर तपासणी झाली, फ्रेंच अधिकारी म्हणाले, नापास. पुन्हा राबल्या, जानेवारीत पास झाल्या. प्रमुख शल्यविशारद फ्रान्सेस आयव्हन्स. युद्ध संपेपर्यंत तिथे जवळजवळ अकरा हजार जखमींवर उपचार झाले. सगळ्या मोहिमेसाठी युद्ध संपेतो साडेचार लाख पौंडांच्या आसपास जमले. त्यात आपल्याकडचेही पैसे होते. एलिझाबेथ ॲबट नावाची कार्यकर्ती हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा करून ६० हजार पौंड घेऊन आली. अशी बाई एखाद्या संस्थेला मिळाली तर पदाधिकाऱ्यांना रात्री झोप लागते.

एल्सी स्वतः सर्बियाला गेली, १९१५ च्या वसंतात. तिथे आधीच गेलेल्या युनिटवर टायफस कोसळला होता. टायफॉइड नव्हे, टायफस. हा उवांमधून पसरतो. थंडीत कुडकुडणारे, महिनोन्महिने न धुतलेले, एकमेकांना चिकटून झोपलेले सैनिक म्हणजे त्याचं माहेरघर. क्रागुयेवात्सला मार्चमध्ये ग्लासगोची नर्स लुइझा जॉर्डन त्यातच दगावली. हे नाव तुम्ही नकळत ऐकलं असेल: २०२० मध्ये कोविडसाठी ग्लासगोत तात्पुरतं हॉस्पिटल उभं केलं त्याला तिचं नाव दिलं होतं.

त्या शरद ऋतूत जर्मन, ऑस्ट्रियन आणि बल्गेरियन फौजा सर्बियात घुसल्या. सर्बियन सैन्य अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून मागे हटलं. एल्सी क्रुशेवात्सला जखमींपाशी थांबली आणि नोव्हेंबरात युद्धकैदी झाली. हॉस्पिटल चारशे खाटांचं, पेशंट त्याच्या दुपटीहून जास्त. जवळ लष्कराचं एक कोठार होतं, मालाची फळ्यांची मांडणी असलेलं. त्या फळ्यांवर माणसं निजवली होती, एकावर एक. खालच्याने कूस बदलायची तर वरच्या फळीला डोकं. अशा जागी तुम्ही डॉक्टर म्हणून गेलात तर आधी काय कराल? औषधं? एल्सीने आधी गटार काढलं. तुंबलेलं मलपाणी बाहेर नेण्याची वाट, आंघोळीची सोय, कपडे उकळायची व्यवस्था. जिथे हिवाळ्यात टायफस मुक्कामाला येणार हे ठरलेलंच होतं, तिथे आधी त्याची वाट अडवली. चाळीस बाहुल्यांची मालकीण ती.

मग जर्मन अधिकाऱ्याने एक कागद पुढे केला. जर्मन सैन्य चांगलं वागलं, असं प्रमाणपत्र लिहून सही करा. तिने केली नाही. इतकी वर्षं संस्थेचे कागद सांभाळलेल्या बाईला सहीची किंमत माहीत होती.

१९१६ च्या फेब्रुवारीत सुटका होऊन ती घरी आली. सर्बियाने तिला ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगल दिला, स्त्रीला पहिल्यांदाच. म्लादेनोवात्स गावी लोकांनी तिच्या नावाने वाहत्या पाण्याचं कुंड बांधलं होतं, आपण पाणपोई म्हणू तसं. मला पदकापेक्षा ते जास्त भावतं.

तिला तेव्हा कर्करोग झालेला होता. तरी ऑगस्ट १९१६ मध्ये पंचाहत्तरेक बायका घेऊन ती रशियात गेली, रशियन सैन्याच्या बरोबरीने लढणाऱ्या सर्बियन तुकड्यांसाठी. वाहनांच्या ताफ्याची प्रमुख एव्हेलिना हॅवरफील्ड, ती जहालांतली, पोलिसांशी झटापटी केलेली. मवाळ सेक्रेटरी आणि जहाल ड्रायव्हर एकाच चिखलात. रुमेनियाच्या माघारीत त्यांची हॉस्पिटलं गुंडाळून पुन्हा पुन्हा मांडावी लागली. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, सगळी घडी विस्कटली. सर्बियन सैनिकांना तिथे वाऱ्यावर सोडतील अशी तिला धास्ती. लंडनहून परत या म्हणून सांगावे आले, तिचं म्हणणं एकच: ते निघाल्याशिवाय मी निघणार नाही. ते निघाले, मगच ती अर्खांगेल्स्कला बोटीत चढली. त्या वाटेवरून तिने कमिटीला तार केली. तार म्हणजे शब्दागणिक पैसे, तेव्हा आटोपशीर: घरी निघालो आहोत. सगळं व्यवस्थित. सगळे खुशाल, मी सोडून.

एवढाच अहवाल. ती आजारी आहे हे एडिनबऱ्यातल्या कमिटीला पहिल्यांदा कळलं ते असं.

२५ नोव्हेंबरला बोट न्यूकॅसलला लागली. सर्बियन अधिकारी निरोप घ्यायला आले तेव्हा ती गणवेश करून डेकवर उभी राहिली आणि एकेकाशी हात मिळवला. पोटाचा असा आजार शेवटाला आलेला असताना माणूस उभं राहू शकत नाही. मी असे पेशंट पाहिलेत, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलच्या हॉटेलात ती गेली. ५३ वर्षांची होती.

दहा आठवड्यांनी, ६ फेब्रुवारी १९१८ ला, मताधिकाराचा कायदा झाला. मत मिळालं ते तीस वर्षं पूर्ण झालेल्या, आणि घर-मालमत्तेची किंवा पदवीची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. म्हणजे रुमेनियाच्या चिखलात अँब्युलन्स हाकणारी चोवीस वर्षांची पोरगी त्यात बसत नव्हती. तिला १९२८ पर्यंत थांबावं लागलं. त्याच फेब्रुवारीत ग्रेस कॅडेलही गेली. जेक्स-ब्लेकबाई १९१२ मध्येच गेलेल्या. त्या लीथच्या भांडणातल्या या तिघींपैकी पार्लमेंटसाठी मत कुणीच दिलं नाही.

एल्सीच्या नावाने १९२५ मध्ये एडिनबऱ्यात प्रसूतिगृह झालं. त्रेसष्ट वर्षं चाललं, १९८८ मध्ये बंद केलं. २००९ मध्ये क्लाइड्सडेल बँकेने तिचं चित्र पन्नास पौंडांच्या नोटेवर छापलं.

मुलीकडे गेले होते तेव्हा एडिनबऱ्याला डीन सिमेटरीत तिची कबर बघायला गेले. टॅक्सीवाला साठीच्या आसपासचा. कुणाकडे जाताय, म्हणाला. मी नाव सांगितलं तर आरशातून माझ्याकडे बघून खूश झाला. म्हणाला, "मी तिथलाच! एल्सीत जन्मलो. आम्ही सगळी भावंडं एल्सीतली." मी विचारलं, ती कोण होती ठाऊक आहे का? त्याने जरा विचार केला. म्हणाला, "नर्स असावी." सिमेटरीचं फाटक आलं होतं, मीटर चालूच होतं, पण मी उतरले नाही. शार्लट स्क्वेअरच्या बागेपासून सांगायला लागले.